'चेन्नई एक्सप्रेस' : नक्की कोणाची फिरकी घेतलीय?

रानजाई

आमच्या घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतेय. सिनेमा जुनाच, 'चेन्नई एक्सप्रेस', 2013 चा, रोहित शेट्टीचा. न पाहिलेलं कोणी असेल असं वाटत नाही, तरी रीत म्हणून गोष्ट सांगते. मुंबईचा चाळिशीतला मिठाईवाला राहुल आजोबांच्या अस्थी रामेश्वरमला सोडायला निघतो. म्हणजे आजीला तसं सांगतो. खरा बेत कल्याणला उतरून मित्रांबरोबर गोव्याला पळायचा. गाडी हलता हलता तो धावत येणाऱ्या मीनाला हात देऊन वर घेतो, मग तिला पकडायला आलेल्या धटिंगणांनाही एकेक करून वर घेतो, आणि ही सगळी वरात थेट तिच्या बापाच्या गावात जाऊन पोचते. बाप तिकडचा मोठा दादा. राहुलला तमिळचा गंध नाही.

माझी वहिनी कुंभकोणमची आहे. तिला हा सिनेमा बघवत नाही. "आमच्याकडे कोणी शाळेत जात नाही का, बँकेत नोकरी करत नाही का? सगळे सकाळी उठून कोयताच घेतात?" असं तिचं म्हणणं. भाऊ तिच्या बाजूने (दुसरा पर्याय नाही बिचाऱ्याला). मला मात्र वाटतं की फिरकी राहुलची घेतलीय. तमिळ संवादांच्या खाली हिंदी ओळी दिलेल्याच नाहीत. त्यामुळे आपणही त्याच्याइतकेच आंधळे. तो दर वेळी भलताच अंदाज बांधतो आणि तोंडावर आपटतो. मीनाला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे बापाला एक सांगून आणि राहुलला दुसरंच सांगून ती सगळ्यांना खेळवते. गावातलं सगळ्यात हुशार माणूस तीच.

तुम्हाला काय वाटतं? भांडा, पण सिनेमावरून भांडा.

डब्बा_गुल

चिवड्याची बशी घेऊन बसलोय. चालू द्या.

खडूस_काकू

पहिला अर्धा तास उत्तम, पुढचे दोन तास डोकेदुखी. एवढंच माझं मत आणि ते 2013 पासून बदललेलं नाही.

पण तो अर्धा तास खरंच छान जमलाय. गुंडांना कळू नये म्हणून दोघं हिंदी गाण्यांच्या चालीवर एकमेकांशी बोलतात, तो प्रसंग. ठाण्याच्या एका जुन्या एकपडदा थेटरात पाहिला होता, अख्खं थेटर गात होतं. मागच्या रांगेतले एक आजोबा पुढचं गाणं कोणतं येणार ते आधीच ओरडून सांगत होते आणि निम्म्या वेळा बरोबर ठरत होते. ज्याने ते लिहिलं त्याला हिंदी सिनेमा आणि प्रेक्षक दोन्ही नीट माहीत होते. पुढे मारामारी, जीपगाड्या उडणं, पुन्हा मारामारी. रोहित शेट्टीला गाडी जमिनीवर पाहवत नाही.

मध्यरेल्वे_प्रेमी

फिरकी कोणाची घेतली म्हणाल तर माझ्या मते भारतीय रेल्वेची.

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी कल्याण, कर्जत, लोणावळा, पुणे, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा अशी जाते. दादर-चेन्नई एक्सप्रेस खरोखर होती आणि कल्याणला थांबायची, इथपर्यंत सिनेमा प्रामाणिक आहे. मग अचानक गाडी दूधसागर धबधब्यासमोर! दूधसागर कुळे आणि कॅसल रॉक यांच्या मधल्या घाटात. लोंढा-मडगाव मार्ग तो. मुंबई-चेन्नई गाडी तिथे जायची तर रेल्वे बोर्डाला वेड लागायला हवं.

पणजीकार

@मध्यरेल्वे_प्रेमी, मुद्दा बरोबर, पण त्यातली खरी गंमत तुम्ही सोडून दिलीत. राहुलला जायचं कुठे होतं? गोव्याला. दूधसागर कुठे आहे? गोव्यात. गाडीने त्या माणसाला इमानदारीत गोव्यात आणून सोडलं आणि हा उतरलाच नाही! पुढे कुळे स्टेशन, तिथून पणजी फार लांब नाही. सिनेमा तिथेच संपला असता, काकूंची डोकेदुखीही वाचली असती.

खडूस_काकू

@पणजीकार, पत्ता कळवा, लाडू पाठवते.

वाईचा_विन्या

रानजाई ताई, तुमच्या वहिनींना एक गोष्ट नक्की सांगा. त्या गावातल्या चित्रीकरणाचा बराचसा भाग आमच्या वाईला झालाय. वाईला हे नवीन नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट आणि कृष्णाकाठची देवळं तुम्ही उत्तर प्रदेश म्हणून पाहिली आहेत, बिहार म्हणूनही पाहिली आहेत. या वेळी तमिळनाडू म्हणून पाहिली. आमच्या आळीतला एक जण गर्दीत उभा होता. ढोल वाजला की ओरडायचं एवढंच काम, दोन वेळचं जेवण आणि हातात रोख पैसे. तो अजून टीव्हीवर सिनेमा लागला की गल्लीभर फोन करतो, आणि प्रत्यक्षात त्याचा फक्त कान दिसतो.

तर वहिनींना म्हणावं, मागच्या रांगेतले कोयतेवाले सातारा जिल्ह्यातले आहेत. तमिळनाडूचा त्यात काही दोष नाही.

डब्बा_गुल

सातारा म्हटल्यावर कोयते स्वतःचे घेऊन आले असतील.

वाईचा_विन्या

ऊसतोडीचा हंगाम होता, काय करणार.

शून्य_मैल

हसून झालं असेल तर थोडं गंभीर बोलतो. मी वहिनींच्या बाजूचा.

हिंदी सिनेमाला मुंबईच्या पलीकडचा महाराष्ट्र कधी दिसला नाही. आपला माणूस म्हणजे हवालदार नाही तर भांडी घासणारी बाई, नाही तर भाईच्या मागे उभा असलेला पंटर. आम्ही विदर्भातले, आम्हाला तर तेवढंही मिळालं नाही. या सगळ्यावर आपण वर्षानुवर्षं कुरकुर करतो. मग तोच हिंदी सिनेमा तमिळ माणसाला कोयता आणि मिशी देऊन मोकळा होतो तेव्हा आपल्याला विनोद कसा दिसतो?

धागाकर्तीचा भाषेचा मुद्दा हुशार आहे, पण अर्धा. राहुलला भाषा कळत नाही म्हणून तो मूर्ख दिसतो, हे मान्य. पण त्याला घर आहे, दुकान आहे, आजी आहे, मित्र आहेत, स्वभाव आहे. समोरच्या गावात बाप सोडला तर एकाला तरी स्वभाव आहे का? तंगबली, ज्याच्याशी बाप मीनाचं लग्न लावायला निघालाय तो, म्हणजे नुसता देह. फिरकी घ्यायला आधी समोर माणूस तरी उभा करावा लागतो. तमिळ लोकांची चेष्टा केली असती तरी परवडलं असतं, या सिनेमाने त्यांना नेपथ्य करून टाकलंय.

फुलवा

+1. शेवटचं वाक्य फार आवडलं.

अण्णा_गैरहजर

शून्य_मैल, सगळं खरं, पण आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. मराठी नाटकात हॉटेलवाला अण्णा आला की दुसरं वाक्य 'अय्यो' असतंच. मारवाडी सावकार, गुजराती शेठ, बंगाली बाबू, सिंधी भाडेकरू, प्रत्येकाला एकेक उच्चार वाटून दिलाय आणि पन्नास वर्षं त्यावरच हशा वसूल करतोय. आणि परप्रांतीय कशाला? मालवणी माणूस आला की गाऱ्हाणं, कोल्हापूरचा आला की तांबडा-पांढरा, नागपूरचा आला की 'बे'. पुणेकराबद्दल न बोललेलं बरं, ते स्वतःच पाट्या लिहून देतात.

शून्य_मैल

@अण्णा_गैरहजर, 'बे' आम्ही खरंच म्हणतो बे.

निमिष_७

मला वेगळी तुलना सुचतेय. 1981 चा 'एक दूजे के लिए'. के. बालचंदर यांचा, त्यांच्याच तेलुगू 'मरो चरित्र'वरून काढलेला. तिथेही तमिळ आणि हिंदी घर शेजारी शेजारी, गोव्यात. दोनापावला त्या सिनेमानंतर लोकांना पाठ झालं. तिथेही मुलगा हिंदी सिनेमांच्या नावांची माळ ओवून गाणं म्हणतो, कारण त्याला तेवढीच हिंदी येते. रेल्वेतल्या त्या गाण्यांच्या संभाषणाचा आजा तोच आहे, काकू.

पण फरक बघा. 1981 मध्ये कमल हासनचा वासू विरहाच्या वर्षात हिंदी शिकतो. मुलीच्या घरच्यांपुढे उभं राहायचं म्हणून मेहनत घेतो. 2013 मध्ये राहुल अख्खा सिनेमा तमिळ मुलुखात काढतो, लग्न तिथे करायला निघतो, आणि शेवटी सासऱ्यापुढे जे भलंमोठं भाषण ठोकतो ते हिंदीतच. दोन्ही वेळा वाकायचं कोणी ते ठरलेलं. बत्तीस वर्षांत तेवढं बदललं नाही.

रानजाई

@निमिष_७, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण त्या भाषणात तो सांगतो काय? मुलीला कोणी विचारलं का, तिचं मन कोणी पाहिलं का. बापाला सुनावण्यापुरतं का होईना, मुद्दा योग्य आहे.

खडूस_काकू

मुद्दा योग्य आहे, पण तो मीनाने मांडायला नको होता का? दोन्ही भाषा येणारी एकटी तीच ना? दोन तास सगळ्यांना खेळवलं म्हणता, मग शेवटी तिने हात जोडून कोपऱ्यात का उभं राहायचं? आणि मग हाणामारी. मुलगी म्हणजे कुस्तीतला नारळ, जिंकेल त्याला द्यायची. भाषण आणि शेवट एकमेकांच्या विरोधात जातात.

डब्बा_गुल

काकू फॉर्मात आहेत आज.

तंजावूरकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी तंजावूरच्या मराठी घरातला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिकडे गेले त्यांच्या मागून आमचे पूर्वज गेले, असं घरात सांगतात. राज्य 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, माणसं तिथेच राहिली. घरात मराठी, बाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्यातले लोक हसतात आणि तमिळ लोक आम्हाला 'रायर' म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे पाहुणेच. त्यामुळे हा धागा वाचताना मजा आली, मला दोन्ही पक्ष आपले वाटतात.

सिनेमा मी चेन्नईत पाहिला. तुम्ही म्हणता तसं खाली हिंदी ओळी नव्हत्या, पण तिथे प्रेक्षकांना त्यांची गरजच नव्हती. परिणाम असा की इतर ठिकाणी जिथे राहुलबरोबर प्रेक्षक गोंधळला असेल, तिथे आमच्या थेटरात लोक आधीच हसत होते. राहुलला काय वाढून ठेवलंय ते त्याच्या आधी आम्हाला कळत होतं. रानजाई यांचा मुद्दा तिथे दुपटीने खरा ठरतो. चेन्नईच्या थेटरात राहुल हा नुसता बकरा होता.

शिट्ट्या सगळ्यात जास्त पडल्या सत्यराज यांना. तुम्ही त्यांना पुढे 2015 मध्ये कटप्पा म्हणून ओळखायला लागलात. तिकडे ते 1980 च्या दशकापासून नायक आहेत, आणि तिरकस बोलण्यासाठी प्रसिद्ध. असा माणूस आणून त्याला गंभीर चेहऱ्याने उभं केलं, त्यामुळे हिंदी प्रेक्षकाला दिसला खाष्ट बाप आणि आमच्याकडच्यांना प्रत्येक कटाक्षात जुना सत्यराज दिसत होता. शून्य_मैल म्हणतात गावात कोणाला स्वभाव नाही. बापाला होता, तो नटाने बाहेरून आणला होता.

खटकलं ते सांगतो. एक, दीपिकाचं हिंदी. असा हेल कोणत्याही तमिळ मुलीचा नसतो. मुंबईत हिंदी बोलायला शिकलेली तमिळ मुलगी व्याकरणात अडखळेल, प्रत्येक शब्दाला पीळ देणार नाही. गाण्यात तर तो पीळ गायब. दोन, गाण्यांमधला प्रदेश. चहाचे मळे मुन्नारचे आहेत, मुन्नार केरळात. विंध्याच्या खाली सगळं एकच, असा कारभार. तीन, शेवटचं लुंगीचं गाणं. रजनीकांतना सलाम म्हणून केलं ते ठीक, पण देवळात, लग्नात, सभेत नेसतात ती पांढरी काठाची वेष्टी. लुंगी घरात नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आमचे आजोबा लुंगीवर कोणाच्या पाया पडायला गेले असते तर आजीने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं.

अण्णा_गैरहजर

आणि ज्यांना सलाम ठोकला ते रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातले, जन्म बंगळुरूचा. दीपिकाच्या घरची भाषा कोकणी, तीही बंगळुरूची. म्हणजे मराठी मूळ असलेल्या तमिळ देवाला, कोकणी नायिकेने, दिल्लीच्या नायकाबरोबर, पंजाबी गायकाच्या गाण्यावर दंडवत घातला. आणि चित्रीकरण वाईला. राष्ट्रीय एकात्मतेचं अनुदान मागायला हवं होतं.

वाईचा_विन्या

वाईचं नाव घेतल्याबद्दल आभारी आहोत.

फुलवा

तंजावूरकर, प्रतिसाद अप्रतिम. तुम्ही जास्त लिहीत जा हो. सांबार संभाजीराजांवरून आलं हे खरं का?

तंजावूरकर

फुलवा, तंजावूरच्या दरबारात आमसुलं संपली, चिंच घातली, संभाजीराजे पाहुणे होते म्हणून सांबार, अशी गोष्ट सगळे सांगतात. आमच्या घरीही सांगतात. चव छान असली की मी पुरावा मागत नाही.

पणजीकार

आता मूळ विषयावर यायच्या आत कोणीतरी रस्सम काढणार, बघा.

बे_एरिया_बंड्या

काढतोच. माझी बायको चेन्नईची, सध्या मुक्काम कॅलिफोर्निया. लग्न चेन्नईत झालं. या जोड्यांवरचे सिनेमे बघून मला नेहमी वाटतं की या लोकांनी एकही खरं मराठी-तमिळ लग्न पाहिलेलं नाही. गुंड, कोयते, जीप कशाला हवेत? साहित्य आयतं पडलंय.

तमिळ ब्राह्मण लग्नात काशीयात्रा असते. नवरदेव छत्री, काठी घेऊन निघतो की मी काशीला चाललो, मला संसार नको. मुलीचे वडील वाटेत गाठून म्हणतात, कशाला जाता, माझी मुलगी घ्या. हे नाटक. आमच्या बाजूच्या लोकांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पहाटेची वेळ, मी छत्री घेऊन बाहेर पडलो, आणि माझी आत्या रडायला लागली. मामांनी खांद्याला धरून बाजूला घेतलं: "बंड्या, अजून वेळ गेलेली नाही. काही असेल तर मला सांग, मी बोलतो त्यांच्याशी." तिकडे सासरे विनवणीचे संवाद म्हणायला तयार उभे, आणि मामा त्यांना अडवून सांगतायत, पोराला जाऊ द्या, जबरदस्ती नको.

मुहूर्त इतक्या पहाटेचा की आमची निम्मी माणसं पोचली तेव्हा केळीची पानं धुवून दुसरी पंगत बसली होती. आमच्याकडे दुपारपर्यंत नवरामुलगाच तयार होत नाही. मग पंगतीत भात संपता संपेना. सांबारभात, मग रस्सम, मग पुन्हा भात आणि ताक. माझे काका प्रत्येक वेळी "आता पोळी येईल" म्हणून थांबत होते. शेवटी पोळी आली, ती पुरणाची! तिकडेही 'पोळी'च म्हणतात. काकांनी दोन्ही घराण्यांना तिथेच आशीर्वाद दिला.

आणि कोणी कोणाची फिरकी घेतली म्हणाल तर दोघांनी दोघांची घेतली. अजून घेतात. सासूबाई आमच्या चहाला 'उकळलेलं दूध' म्हणतात आणि माझी आई त्यांच्या डबऱ्यातल्या (छोट्या वाटीतल्या) कॉफीला 'बाहुलीचा चहा'.

डब्बा_गुल

"अजून वेळ गेलेली नाही" वाचून चिवडा नाकात गेला.

खडूस_काकू

मामांसारखी माणसं हवीत हो प्रत्येक लग्नात. बंड्या, यावर स्वतंत्र धागा काढ.

शून्य_मैल

बंड्याच्या प्रतिसादाने माझंच म्हणणं पुढे नेलं. इथे मामाला स्वभाव आहे, काकाला आहे, सासऱ्याला आहे, म्हणून हसू येतं आणि कोणाला लागत नाही. दोन्हीकडची माणसं उभी राहिली की कोणाची फिरकी हा प्रश्नच उरत नाही.

कट्टर_मुंबईकर

सगळे एवढा गंभीर कीस का पाडताय? मसाला सिनेमा आहे. 200 कोटींच्या वर देशातच कमावले. लोकांना आवडला, विषय संपला. ज्यांना स्वभावचित्रण हवंय त्यांनी महोत्सवात जावं.

निमिष_७

@कट्टर_मुंबईकर, लोकांना का आवडला हेच तर शोधतोय. नाही तर धागा कशाला असतो?

कट्टर_मुंबईकर

मग ऐका. शाहरुख स्वतःला हसतो म्हणून आवडला. नाव राहुल, चाळिशी उलटायला आलीय, मुली पटत नाहीत. 1995 मध्ये ज्याने धावत्या गाडीतून नायिकेला हात दिला तोच माणूस अठरा वर्षांनी तोच हात गुंडांनाही देतो आणि फसतो. ज्याला ते जुनं पाठ आहे त्याला यात मजा येते. तमिळनाडू हे निमित्त आहे. त्या जागी भोजपूर घातलं असतं तरी चाललं असतं.

फुलवा

भोजपूर घातलं असतं तर भाषेची गंमत गेली असती. राहुलला निम्मं कळलं असतं.

शून्य_मैल

"तमिळनाडू हे निमित्त आहे." वहिनींची तक्रार यापेक्षा सोप्या शब्दांत कोणी मांडली नव्हती. धन्यवाद, कट्टर.

अण्णा_गैरहजर

200 कोटींवरून आठवलं. त्याच वेळी 'दुनियादारी' जोरात चालू होता, जुलै 2013 मध्ये आलेला. ऑगस्टमध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' आल्यावर मराठीचे खेळ काढू नका म्हणून मनसेने थेटरवाल्यांना इशारा दिला होता. मग तडजोड झाली आणि दोन्ही चालले. म्हणजे पडद्यावर तमिळ-हिंदी जुगलबंदी आणि तिकीटखिडकीवर मराठी-हिंदी.

खडूस_काकू

मी त्याच आठवड्यात दोन्ही पाहिले होते. 'दुनियादारी'मध्ये रडले, 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये डोकं दुखलं. औषध एकच लागलं.

पणजीकार

जोडी आणि दोन गावं म्हटल्यावर 'मुंबई-पुणे-मुंबई' कोणीच काढला नाही? 2010 चा, सतीश राजवाडे यांचा. दोनच माणसं, एक दिवस, पुण्याचे रस्ते आणि नुसती बोलाचाली. ना गुंड ना जीप. भाषा एकच असूनही दोन गावांचा सामना रंगला. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी दोघांनाही तोडीस तोड बोलायला दिलंय, तिथेच तो जिंकला.

मध्यरेल्वे_प्रेमी

त्यात रेल्वेचा भूगोलही बरोबर आहे.

रानजाई

वहिनीने धागा वाचला. मला मराठी वाचून दाखवायला लागेल असं वाटलं होतं, पण तिने स्वतःच वाचला, हळूहळू, बंड्यांच्या मामांपाशी पोचल्यावर आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतेय:

"राहुल मूर्ख दिसतो हे मला मान्य आहे. पण तो मूर्ख दिसतो आणि घरी परत जातो. कॉलेजात मला पुण्यात चार वर्षं मुली त्या सिनेमातल्या हेलात हाका मारायच्या. मी कधी तसं बोलले नाही. राहुलची नक्कल करून कोणी कोणाला हाक मारली आहे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमा काय म्हणतो आणि लोक त्यातून काय उचलतात यात अंतर असतं, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "मग तुझ्या मैत्रिणींना सांग." माझ्या मते तरीही तो सिनेमा राहुलचीच फिरकी घेतो. पण तिला तो पाहायला का नको वाटतो हे आता कळलं.

शून्य_मैल

वहिनींना सांगा, हाच मुद्दा. हिंदी सिनेमा आला की पुढचं वर्षभर कार्यालयात मलाही 'ए हवालदार' म्हणायचे.

कट्टर_मुंबईकर

हाका मारणं चूक, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा दोष सिनेमाला द्यायचा की त्या मुलींना? मी अजून माझ्या मतावर आहे.

तंजावूरकर

दोघांनाही थोडा थोडा, कट्टर. तो हेल त्या मुलींनी काही स्वतः शोधला नव्हता.

रानजाई

सध्या तहाची बोलणी चालू आहेत. दिवाळीनंतर वहिनीच्या माहेरी सगळे जाणार आहोत, रेल्वेने. @मध्यरेल्वे_प्रेमी, चेन्नईहून पुढे कसं जायचं? आणि @तंजावूरकर, काय बघायचं, काय खायचं?

मध्यरेल्वे_प्रेमी

चेन्नई एग्मोरहून गाडी धरा. विळुप्पुरम, कडलूर, मयिलाडुतुरै करत कुंभकोणम. मयिलाडुतुरैनंतर कावेरीचा सुपीक पट्टा लागतो, भातशेती बघत जा. सेंट्रलला उतरलात तर एग्मोर वेगळं स्टेशन आहे, मध्ये वेळ ठेवा. सामान आणि सासरची माणसं दोन्ही असतील तर जास्तच ठेवा.

तंजावूरकर

कुंभकोणमहून तंजावूर जवळ आहे, बृहदीश्वर तर बघालच, पण सरस्वती महाल ग्रंथालय चुकवू नका. मोडीतले मराठी कागद तिथे ढिगाने आहेत. दारासुरमचं देऊळ वाटेतच आहे, तिथे गर्दी कमी असते.

खाण्याचं म्हणाल तर कुंभकोणमची डिग्री कॉफी. मात्र चेन्नईपासूनच हमरस्त्यावर दर थोड्या अंतराने 'कुंभकोणम डिग्री कॉफी'ची पाटी आणि पितळी भांडी दिसतील. तिथे मुळीच थांबू नका. वहिनींच्या आईच्या हातची प्या.